बीपीएचच्या पहिल्या वर्षाची फिल्ड-पिशवी: काय घ्यावं, काय दुकानातच सोडावं

बॅचलर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे बीपीएच, ही इंजेक्शन द्यायला किंवा गोळ्या लिहून द्यायला शिकवणारी पदवी नाही. ती मोजायला शिकवते. त्यामुळे प्रवेश झाल्याबरोबर हौसेने स्टेथोस्कोप घेऊन देणाऱ्या काका-मामांना थांबवा आणि तेच पैसे खालच्या सामानावर घाला. इंदूरात दवा बाजाराच्या आसपास चौकशी करा. एकट्याने सगळं घ्यायची गरज नाही, चौघांत एक संच पुरतो.

सगळ्यांत आधी हॉरॉक्सचं उपकरण, म्हणजे विहिरीचं पाणी शुद्ध करायला किती ब्लीचिंग पावडर लागेल ते काढायची पेटी. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांच्या नावाची ही पेटी पहिल्या महायुद्धाच्या काळातली असली, तरी शिकवण्यात तिला अजून तोड नाही. ब्लीचिंग पावडर पाण्यातल्या घाणीवर आधी खर्च होते आणि उरेल तेवढाच क्लोरिन कामाचा, ही गोष्ट वर्गात दहा वेळा ऐकून कळत नाही. ओळीने ठेवलेल्या सहा वाट्यांत ती डोळ्यांनी दिसते. पेटीत २०० मिलिच्या सहा पांढऱ्या वाट्या, आतून गोल खूण असलेली एक काळी वाटी, २ ग्रॅमचे दोन चमचे, पिपेट, ड्रॉपर, ढवळायच्या काड्या आणि स्टार्च-आयोडाइडची बाटली असते.

काळ्या वाटीत एक सपाट चमचा पावडर घ्या, थोड्या पाण्यात तिची पातळ पेस्ट करा, मग खुणेपर्यंत पाणी घालून जोरात ढवळा आणि निवळू द्या. पांढऱ्या वाट्या काठाखाली बोटभर जागा ठेवून तपासायच्या पाण्याने भरा. वरच्या निवळीचा पहिल्या वाटीत एक थेंब, दुसरीत दोन, असं सहावीपर्यंत. ढवळून अर्धा तास थांबा. घाई इथेच होते आणि अंदाज इथेच फसतो. मग प्रत्येक वाटीत तीन थेंब स्टार्च-आयोडाइड. निळा रंग स्पष्ट दिसणारी पहिली वाटी तिसरी असेल, तर ४५५ लिटरला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर. ४५५ हा आकडा विचित्र वाटतो, पण ते जुन्या हिशोबाचे शंभर गॅलन आहेत. व्हायवात हे विचारतात.

पुढचा हिशोब विहिरीचा: ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, भागिले चार, गुणिले हजार. मापं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. २ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर ९,४२० लिटर. तिसरी वाटी निळी झाली असेल तर साधारण १२५ ग्रॅम पावडर लागेल. एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त घालायची नाही, म्हणून दोन बादल्या करा. दहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं पाणीच विहिरीत सोडा. तळाचा चुना टाकलात तर पाण्याचा जडपणा वाढतो.

आता चुका. चाचणीला एक पावडर आणि विहिरीला दुसऱ्या गोणीतली, असं केलंत तर सगळा खेळ फुकट. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन असतो, पण उघड्या पोत्यात हवा आणि ओल लागून तो उडून जातो. विहिरीत जी टाकायची तिनेच चाचणी केली, तर जुन्या पावडरीचा अशक्तपणा आपोआप हिशोबात धरला जातो. दुसरी चूक म्हणजे पिपेट हरवल्यावर डोळ्यांच्या औषधाचा ड्रॉपर वापरणं: थेंबाचं माप बदललं की उत्तर बदललं. तिसरी खास इंदूरची. नर्मदेच्या नळाच्या पाण्यावर हा प्रयोग केला की बहुधा पहिलीच वाटी निळी होते आणि मुलं खूश होतात. अहो, त्यात क्लोरिन आधीच घातलेला असतो! म्हणून निवळी न घातलेली सातवी वाटी शेजारी ठेवा. तीही निळी झाली तर ते पाणी या चाचणीचं नव्हेच. विहिरीचं किंवा बोरिंगचं घ्या.

स्वस्त नकलांमध्ये काळ्या वाटीला आतून खूणच नसते, आणि चमचे २ ग्रॅमचे असतीलच याची खात्री नाही. दहा सपाट चमचे पुडीत घट्ट बांधून वजन करा, २० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. सराफ्यातल्या सोनाराचा काटा उत्तम, पण दिवसा जा. रात्री तिथे खाऊचा बाजार भरतो आणि गराडू (तळलेला कंद) तोलतात.

नळाच्या पाण्यात किती क्लोरिन शिल्लक आहे ते पाहायला डीपीडीचा, म्हणजे क्लोरिनने गुलाबी होणाऱ्या रसायनाचा, रंगसंच घ्या. ऑर्थोटोलिडिनची पिवळा रंग देणारी बाटली अजून विकली जाते, ती नको: रसायन हाताळायला घातक, आणि लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असलेलं पाणीही पिवळं दिसतं. डीपीडीत १० मिलि पाणी, एक गोळी, आणि मिनिटभरात गुलाबी रंग जुळवायचा. गोळी घामट बोटांनी धरू नका. नमुना बाटलीत भरून कॉलेजात नेऊ नका, वाटेतच क्लोरिन घटतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) शिल्लक क्लोरिन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवा. क्लोरिन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटून लगेच विरतो आणि वाचन शून्य दिसतं. तेव्हा पाणी पातळ करून पुन्हा पाहा.

आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो, म्हणून या संचाचा खरा उपयोग सुदामा नगरातल्या कुठल्याही घरात होईल: नळ आल्या आल्या तोटीवर एक वाचन, दुसऱ्या दिवशी हौदात एक, गच्चीवरच्या टंकीत एक. पहिल्या वर्षाच्या प्रोजेक्टला एवढं पुरतं, आणि हौदाचं झाकण उघडलंच आहे तर डासांच्या अळ्याही पाहून घ्या.

पाण्यात घाणीचे जंतू आहेत का ते सांगणारी एचटूएसची बाटली खुणेपर्यंत भरायची. काळी झाली तर पाणी संशयास्पद. ती हो-नाही एवढंच सांगते, जंतूंची संख्या नाही. तिला ३० ते ३७ अंशांची ऊब लागते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत उशीर होतो आणि ४८ तासांआधी ‘स्वच्छ’ लिहिणं चूक. वापरलेल्या बाटलीत जंतू वाढलेले असतात. ब्लीचचं पाणी घालून ठेवल्याशिवाय ती कचरागाडीत देऊ नका.

दंडघेराची पट्टी, म्हणजे म्युआक टेप, घेताना रंग नीट बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लाल ११.५ सेंटिमीटरखाली आणि हिरवा १२.५ पासून पुढे हवा. लाल १२.५ पर्यंत गेला असेल तर ती जुनी शाकीर पट्टी. तिने मोजलंत तर निम्मी अंगणवाडी कुपोषित ठरवाल. झेरॉक्स केलेली पट्टी तर हातातही धरू नका. डावा हात कोपरात वाकवून मध्य शोधा, मग हात सैल सोडून मोजा.

मुलांचं वजन करायचा झोळीचा २५ किलोचा स्प्रिंग काटा अंगणवाडीतच मिळतो. विकत घेऊ नका, फक्त रिकामी झोळी अडकवूनच शून्य लावा.