चिलेटिंग रेझिन: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये फ्लेम एएएस आहे, म्हणजे ज्योतीत नमुना फवारून त्यातला धातू मोजणारं मशीन. याहून बारीक मोजणारी ग्रॅफाइट फर्नेस नाही आणि त्याहून महाग आयसीपी-एमएसचं तर नावच नको. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३. इतक्या खाली फ्लेमवरचा आकडा नुसता डुलत राहतो, त्यावर रिपोर्टला सही करवत नाही. म्हणून इमिनोडायअ‍ॅसिटेट गटाचं चिलेटिंग रेझिन मागवलं, म्हणजे पाण्यातले धातू पकडून ठेवणारे प्लॅस्टिकसारखे बारीक मणी.

काम सरळ आहे. अर्धा लिटर पाणी काचेच्या कॉलममधून सोडायचं, धातू मण्यांना चिकटतात, मग ते १० मिलि २ मोलर नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये उतरवून घ्यायचे. प्रमाण पन्नासपट वाढतं आणि तेवढं आमच्या मशीनला पुरतं. तांब्याचं स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं द्रावण) सोडलं की रेझिनच्या माथ्यावर निळी पट्टी उमटते. नवीन मुलांना मी आधी तीच दाखवते.

खरी गोम पीएचची. नमुने टिकावेत म्हणून बाटलीत अ‍ॅसिड घालूनच येतात, पीएच २ च्या खाली. तसेच ओतले तर रेझिन धातू नीट धरत नाही. अमोनियम अ‍ॅसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून पीएच साडेपाचच्या आसपास आणायचा आणि मगच कॉलम. वेग मिनिटाला तीन मिलि, म्हणजे एका नमुन्याला पावणेतीन तास. घाई केली की स्पाइक रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम घातलेल्या धातूपैकी परत मिळणारा वाटा, लगेच घसरते. कॉलम कोरडा पडू द्यायचा नाही. एकदा हवा शिरली की पाणी वाट काढून निसटतं.

आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. तेही रेझिनवर जागा अडवतात, म्हणून अ‍ॅसिड सोडण्याआधी अमोनियम अ‍ॅसिटेटने एक धुणं देतेच. तांबं आणि शिसं घट्ट बसतात, कॅडमियम त्यामानाने सैल. म्हणून शिशाच्या आकड्यावर माझा जास्त भरवसा आहे.

ब्लँक, म्हणजे शुद्ध पाण्यावर तीच कृती करून घेतलेलं मोजमाप, मात्र रडवतो. जस्त कुठूनही येतं: पावडरवाले हातमोजे, धूळ, खुद्द बफर. बफर आता आधी वेगळ्या कॉलममधून गाळून घेते. पन्नासपट धातू वाढतो तशी घाणही वाढते, हे कॅटलॉगवाले सांगत नाहीत.

आणखी एक. अ‍ॅसिडने रेझिन जवळजवळ निम्मं आकसतं आणि सोडियम रूपात परत आणलं की फुगतं. कॉलम गच्च भरलात तर प्रवाह थांबतो, काच तडकण्याचीही भीती. वर मोकळी जागा ठेवा, किंवा रिजनरेशन (रेझिन पुन्हा वापरायोग्य करणं) बीकरमध्ये करा.

आर्सेनिक आणि सहा संयुजेचं क्रोमियम यांसाठी हे घेऊ नका. दोन्ही पाण्यात धन आयन म्हणून नसतात आणि यातून सरळ निघून जातात. घरच्या फिल्टरमध्ये घालायचं का, असं एका ओळखीच्यांनी विचारलं. नको. किंमत पाहता परवडत नाही आणि जड पाण्यात लवकर भरून जातं. फर्नेस नसलेल्या लॅबने मात्र डोळे मिटून घ्यावं, फक्त दिवसाला दोन-तीनपेक्षा जास्त नमुने कबूल करू नयेत.