पोळ्याच्या आदल्या रात्री ११२ ला फोन केला, रस्त्यात बसलेल्या गोऱ्ह्यासाठी

पाचपैकी पाच. पोलिसांच्या ११२ सेवेबद्दल लिहितोय, कारण आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडे अजूनही लोकांना वाटते की हा नंबर मारामारी, चोरी नाहीतर अॅक्सिडेंट झाला तरच लावायचा.

पोळ्याच्या आदल्या रात्री साडेदहा-अकराला मी आर्वीहून गाडीवर घरी येत होतो, पाऊस नुकताच उघडला होता, अमावस्येचा गच्च अंधार, अन् वळणावर ऐन डांबरावर पांढराशुभ्र गोऱ्हा बसलेला. पावसाळ्यात जनावर रस्त्यावर येऊन बसतेच, शेतात चिखल, डांबर लवकर वाळते, थोडं गरम असते अन् माश्या-डासही कमी. पण ट्रकवाल्याला वळणावर काय दिसणार? मी गाडी आडवी लावून मोबाईलचा टॉर्च हलवत होतो, एक ट्रक हातभर अंतरावरून गेला तेव्हा ११२ लावला.

फोन फुकट आहे, तो नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या सेंटरला लागते, तिथं आपलं लोकेशन दिसते अन् जवळच्या गाडीतल्या स्क्रीनवर मेसेज जाते. बैल बसला आहे म्हटल्यावर ताई हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी जनावर जखमी आहे का, रस्ता कोणता, एवढंच नीट विचारलं. वीस-पंचवीस मिनिटात बोलेरो हजर. एक हवालदार काका, एक तरणा शिपाई.

शिपायाने आधी सायरन वाजवला. गोऱ्ह्याने एक कान हलवला. मग हॉर्न, मग मागून जोर लावून ढकललं, तर गोऱ्हा उठला, वळला, शिपायाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश चाटली अन् परत त्याच जागी बसला! काका पोट धरून हसत होते अन् शिपायालाही हसू आवरेना.

मग काका खाली उकिडवे बसले अन् त्याची गळ्याखाली लोंबणारी पोळी खाजवू लागले. टॉर्च खांद्यावर धरला तर खांदा हळद-तुपाने चकाकत होता. म्हणजे संध्याकाळीच कोणीतरी पोळ्याच्या रिवाजाने खांदे शेकले होते, उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं होतं, मोकाट जनावर नव्हतं ते. काका त्याला म्हणाले, "काय रे राजा, आज आवतन घेतलं ना, मंग उद्या जेवाले घरी नाही जात का?" पोलिसाच्या तोंडून हे ऐकून मला खरंच भरून आलं.

कानात पिवळा बिल्ला होता, चिखलाने माखलेला. काकांनी ओल्या अंगठ्याने पुसला, एकेक करत १२ आकडे वाचले, शिपायाने कागद नव्हता म्हणून तळहातावर लिहिले. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांना त्या वेळी फोन लावला, त्यांनी घरूनच जनावरांच्या नोंदीच्या भारत पशुधन अॅपवर नंबर टाकला अन् मालकाचं गाव, मोबाईल सगळं मिळालं, पाच-सहा किलोमीटरवरचं गाव. ज्यांनी अजून बिल्ला मारून घेतला नाही त्यांनी प्लीज घ्या, जनावराचा कान दुखते म्हणून टाळू नका.

कायद्याने पोलिसांना रस्त्यावरचं जनावर धरून २४ तासांत कोंडवाड्यात पाठवता येते, १८७१ पासून आहे हे, मग मालकाने दंड अन् चाऱ्याचा खर्च भरून सोडवायचं. पण काका म्हणाले सणाच्या दिवशी याला कोंडू कसा. अन् आमच्या गावच्या कोंडवाड्याला तीन वर्षांपासून फाटक नाही, आत टाकलं असतं तर गोऱ्हा अर्ध्या तासात परत डांबरावर. ग्रामसभेत मी दोनदा बोललो, आता तिसऱ्यांदा बोलणार आहे.

माझ्या कॅरियरला बांधलेली दोरी होती म्हणून कडेच्या निंबाला बांधता आलं. आपल्या सगळ्यांच्या गाडीत एक कासरा असलाच पाहिजे. जनावर जखमी असेल तर १९६२ लावा, तो जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर आहे. ११२ वाले येईपर्यंत स्वतः अंधारात ओढाताण करू नका, आमच्याकडची ही गवळाऊ जात काटक अन् पळायला चपळ असते, बिचकला तर हाती लागत नाही.

मालक पोराच्या गाडीवर मागं बसून आला, पायात चप्पल नाही. संध्याकाळी कोणीतरी फटाके फोडले अन् हा दावं तोडून पळाला, तेव्हापासून दोघं बाप-लेक नाल्याकाठी शोधत होते. त्याने काही न बोलता गोऱ्ह्याच्या मानेला मिठी मारली, अन् हळद त्याच्या सदऱ्याला लागली.

शिपाई म्हणाला, "दादा, पायी कसे नेता आता, ट्रक चालू हायेत." मग मालक कासरा धरून पुढं, मधात गोऱ्हा, अन् लाल-निळा दिवा लावून बोलेरो त्याच्या चालीनं मागं, असे गेले गावापर्यंत.