जुळे सोलापुरातलं एनआयओएस गायडन्स सेंटर: शिकवणी चांगली, पॅकेज घेऊ नका

मुलीला आम्ही पाचवीनंतर घरीच शिकवतोय, त्यामुळे दहावीचं काय हा प्रश्न कधीतरी येणारच होता. त्याचं उत्तर म्हणजे एनआयओएस, शाळेत न जाता दहावी देता येते ते केंद्र सरकारचं मुक्त शाळा बोर्ड. सेंटरचं नाव घेत नाही, विजापूर रोडकडून जुळे सोलापुरात शिरलं की बोर्ड दिसतोच. होमस्कूलिंगवाल्यांसाठी "ॲडमिशन ते मार्कशीट" असं 18,000 चं पॅकेज आहे त्यांचं, त्याबद्दल लिहितेय.

आधी ॲडमिशनचं. त्यांनी पहिल्याच भेटीत घाबरवलं, म्हणे शाळेचा दाखला हातात नसेल तर लई अवघड जातं, आम्ही "ॲडजस्ट" करून देतो. ॲडजस्ट करायला काही नाहीच ओ त्यात! दाखला लागतो तो आपल्या स्टेट बोर्डाच्या सतरा नंबर फॉर्मला, म्हणजे बाहेरून दहावीला बसायच्या फॉर्मला. एनआयओएसला दहावीसाठी 14 वर्षं पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो, आणि आठवी पासचं सर्टिफिकेट नसेल तर मी हा अभ्यासक्रम करू शकते असं स्वतःचं लेखी चालतं. फॉर्म ऑनलाइन आहे, घरी बसून भरता येतो, नाहीतर कुठल्याही नेट कॅफेवाल्याला सांगा. एवढ्यासाठी पॅकेजमधले 5,000 धरलेत त्यांनी.

आणि हे सेंटर म्हणजे एनआयओएसचं स्टडी सेंटर नाही हे नीट समजून घ्या, कारण रिसेप्शनवरच्या मॅडम ते मोघम ठेवतात. स्टडी सेंटर म्हणजे एआय (ॲक्रेडिटेड इन्स्टिट्यूशन), एनआयओएसनं मान्यता दिलेली शाळा, ती फॉर्म भरताना आपण निवडायची असते आणि सायन्स, गणिताचं प्रॅक्टिकल तिथं होतं. प्रॅक्टिकलला वेगळं पास व्हावं लागतं, थिअरीतही वेगळं, 33 टक्के. हा क्लास आहे, बस्स.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते. एनआयओएसला टीएमए असतं, म्हणजे घरी सोडवून द्यायची असाइनमेंट, तिला 20 टक्के वेटेज. दोन मार्कांचे छोटे प्रश्न, चार मार्कांचे जरा मोठे आणि शेवटी सहा मार्कांचं प्रोजेक्ट. प्रॅक्टिकल सोडलं तर घरी शिकणाऱ्या मुलाच्या सगळ्या मूल्यमापनात ही एकच जागा अशी आहे की जिथं तीन तासांच्या पेपरच्या बाहेरचं काहीतरी दाखवता येतं. आणि सेंटरवाले काय करतात तर ती रेडिमेड देतात. "मॅडम, मुलीला कशाला त्रास, फक्त बघून उतरवायचं." सोशल सायन्सची फाईल मी उघडून बघितली तर खालच्या कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचा तरी एनरोलमेंट नंबर तसाच राहिलेला, त्यावर नुसती पेनाची रेघ. आमच्या पोरीनं तोवर अशोक चौकाच्या बाजूला एका ओळखीच्या काकांच्या विणायच्या मागावर बसून चादरीचं डिझाइन भोकं पाडलेल्या कार्डवरून कसं उतरतं ते वहीत काढून आणलं होतं, त्या वहीचं प्रोजेक्ट करता येईल का विचारलं तर सेंटरवाले म्हणाले एवढं कोण वाचतंय. अरे मग आम्ही शाळा सोडली कशाला? उतरवायचंच होतं तर शाळेत फुकट उतरवलं असतं की! फाईल परत केली, पैसे अर्थातच परत नाहीत.

चांगलं काय ते पण सांगते, नाहीतर म्हणाल नुसती खुन्नस. गणिताचे सर उत्तम आहेत. घाई नाही, पोरीला बीजगणितात नेमकं कुठं अडतंय ते त्यांनी पहिल्या आठवड्यातच पकडलं, आणि मागच्या प्रश्नपत्रिका टायमर लावून सोडवून घेतात, घरच्या मुलांना ही सवय नसतेच. बॅच छोटी आहे. सायन्सच्या मॅडम पण ठीक.

परीक्षेच्या बाबतीत मात्र सेंटरचा सल्ला ऐकू नका. ते सगळ्यांना एकाच वेळी पाच विषय बसवायला लावतात, म्हणजे त्यांची बॅच मोकळी होते. नियम एवढे सैल आहेत की घाईची गरजच नाही, रजिस्ट्रेशन 5 वर्षं चालतं, 9 संधी मिळतात, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दोन विषय आता, तीन नंतर असं करता येतं, पास झालेला विषय परत द्यावा लागत नाही. त्यात पेपर बहुतेक दुपारी अडीचला असतो आणि सोलापूरचा एप्रिल तुम्हाला माहितीये, ज्यांना जमतंय त्यांनी जड विषय ऑक्टोबरला ठेवा.

पॅकेजला 5 पैकी 1, गणिताच्या सरांना 4. जायचंच असेल तर फक्त विषयाची महिन्याची फी विचारा, ती बोर्डावर लिहिलेली नाही पण मागितली की सांगतात, आणि टीएमए त्यांच्याकडून अजिबात घेऊ नका. गाडी लावायला जागा नाही, समोरच्या मेडिकलवाल्याशी रोज वाद होतो.