लाइन गेल्यावर गिट काय सांगतं: आठ महिने टर्मिनलवर वापरल्यावर

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्याच्या खोलात जात नाही. नागपुरात इतवारीतल्या दोन किराणा दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर मी सांभाळतो, आठ महिने झाले गिटचं बटणांवालं ॲप सोडून सरळ टर्मिनलमधे कमांड टाइप करतो. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, सीताबर्डीत साडेतीन हजार सांगितले म्हणून बदलली नाही, चार्जरवरच चालवतो. आणि मे महिन्यात दुपारी सगळ्यांचे कूलर सुरू झाले की आमच्याकडे मानेवाड्याला लाइन जातेच.

पहिल्यांदा गेली तेव्हा मी कमिट, म्हणजे बदलांची पक्की नोंद, करून राहिलो होतो. परत सुरू केलं तर म्हणे इंडेक्स.लॉक फाइल आधीच आहे. इंडेक्स म्हणजे पुढच्या कमिटमधे काय जाणार त्याची यादी, आणि एक गिट त्यात लिहीत असताना दुसऱ्यानं लिहू नये म्हणून ही लॉक फाइल. पोटात गोळा आला. पण खाली नीट लिहिलेलं की दुसरं गिट चालू असेल, कमिटचा एडिटर उघडा असेल, तो बंद करून परत बघा, तरी अडलं तर आधीचं गिट मधेच बंद पडलं असेल, मग फाइल हातानं काढा. फाइलचा पूर्ण पत्ताही दिलेला! काढली, काम सुरू.

तेव्हा वाटलं, एवढं कळतं तर स्वतःच का नाही काढत. मग एकदा लाइन असतानाच तो मेसेज आला, एडिटरनं मागं गिट चालवलं होतं. तेव्हा गिटनं स्वतःच लॉक काढून टाकलं असतं तर दोघं एकाच इंडेक्सवर लिहीत बसले असते. स्वतः न काढता आपल्याला सांगतं तेच बरोबर आहे, माझं मत चुकलं होतं.

म्हणूनच जूनच्या वादळात जे झालं त्याचा राग जात नाही. कमिट झालं, दोन सेकंदात लाइन गेली, आणि नंतर काहीही टाका, ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे, लूज ऑब्जेक्ट (गिट कोड आणि कमिट ज्या सुट्या फाइलींमधे ठेवतं त्यातली एक) खराब आहे, फेटल, म्हणजे पुढं चालणारच नाही. बस. पुढं काय करायचं त्याची एक ओळ नाही. रात्री दोन वाजले बाप्पा! रिकामी फाइल काढली, .गिट फोल्डरातल्या लॉग्समधून आधीच्या कमिटचा नंबर शोधला, अपडेट-रेफ या कमांडनं ब्रांच, म्हणजे कामाची चालू शाखा, त्या कमिटवर नेली, इंडेक्सही नव्यानं बनवावा लागला. कोड डिस्कवर जसाच्या तसा होता, परत कमिट केलं.

कारण नंतर कळलं, लूज ऑब्जेक्ट डिस्कवर पक्का उतरला की नाही हे गिट आपणहून बघत नाही, वेग राहावा म्हणून. गिटच्या २०२२ मधल्या २.३६ आवृत्तीपासून काय काय डिस्कवर पक्कं उतरवायचं ते ठरवणारं कोअर.एफसिंक सेटिंग आहे, मी ते 'ऑल' केलं. कमिटला किंचित वेळ लागतो, लागू दे. त्यानंतर लाइन कितीदा गेली, रिकामी फाइल एकदाही नाही. पण हे सेटिंग त्या फेटलच्या खालीच लिहायला हवं होतं, लॉकच्या मेसेजमधे जमलं ना त्यांना!