फुशिमी इनारी: पहिल्या बोगद्यावरून परत फिरू नका

क्योतोच्या फुशिमी इनारी देवळाला तिकीट नाही आणि ते चोवीस तास उघडं असतं. तरी बहुतेक पर्यटक सकाळी दहा ते दुपारी चारच्या वेळातच येतात, शेंदरी तोरींच्या (ओळीने उभ्या देवळाच्या कमानींच्या) पहिल्या बोगद्यात फोटोसाठी खोळंबतात आणि तिथूनच मागे वळतात. गर्दी सोडून फारसं काही पाहून होत नाही. हा 233 मीटर उंचीचा अख्खा डोंगरच देवस्थान आहे, आणि त्याची खरी मजा बोगदा संपल्यावर सुरू होते.

क्योतो स्टेशनवरून जेआर रेल्वेच्या नारा लाइनची लोकल घ्या. दुसरंच स्टेशन इनारी, साधारण पाच मिनिटं. याच मार्गावरची 'मियाकोजी' जलद गाडी इनारीला थांबत नाही. चुकून तीत बसलात तर तोफुकुजीला उतरा आणि मागून येणारी लोकल पकडा. शहरातल्या गिओन भागाकडून येणाऱ्यांना केइहान ही दुसरी रेल्वे लाइन सोयीची. इनारी स्टेशनबाहेर पडलं की समोरच मोठी तोरी दिसते.

सकाळी सातच्या आत पोचलात तर उत्तम. जानेवारीचे पहिले तीन दिवस मात्र टाळाच, नववर्षाच्या दर्शनाला प्रचंड लोटतात लोक.

दर्शनी रोमोन दरवाजा 1589 मधला, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने बांधवलेला. दोन्ही बाजूंचे कोल्ह्यांचे पुतळे म्हणजे देव नव्हेत, ते इनारीचे दूत. त्यांच्या तोंडात काय आहे ते जरूर पाहा: कुठे किल्ली, कुठे भाताची लोंबी, कुठे गुंडाळी, कुठे रत्न. इनारी हा मुळात भातशेतीचा देव, पुढे व्यापाराचाही झाला. म्हणून तोरी वाहणाऱ्यांत कंपन्या आणि दुकानदार भरपूर. वाहणाऱ्याचं नाव आणि तारीख तोरीच्या मागच्या अंगाला कोरतात, त्यामुळे चढताना नुसता शेंदरी रंग दिसतो आणि उतरताना काळी अक्षरं. फोटोत काय हवं ते आधी ठरवा. खांब बहुतेक लाकडी, पावसाच्या ओलीने बुडाशी कुजतात आणि बदलावे लागतात. मध्येच एखादी जागा रिकामी दिसते ती यामुळेच.

बोगद्यांच्या पलीकडे ओमोकारु-इशी नावाचे दोन दगड आहेत. मनात इच्छा धरून दगडी दिव्यावरचा हा गोल दगड उचलायचा. वाटला त्यापेक्षा हलका लागला तर इच्छा पुरी होणार, अशी श्रद्धा.

इथून योत्सुत्सुजी या चौकापर्यंत चढाच. पायथ्यापासून अर्धा-पाऊण तास लागतो, आणि क्योतोचा सर्वांत छान देखावा इथेच मिळतो. शिखरावर झाडीमुळे काहीच दिसत नाही. वेळ कमी असेल तर चौकातूनच उतरा, काही बिघडत नाही. शिखराचा पूर्ण फेरा सुमारे चार किलोमीटरचा, दोन-तीन तासांचा. तो शांततेसाठी आणि वाटेवरच्या शेकडो छोट्या देवळ्यांसाठी करावा. पाऊस झाला असेल तर दगडी पायऱ्या घसरड्या होतात, चांगल्या पकडीचे बूट हवेतच. बाबागाडी वर नेण्यात अर्थ नाही.

पाणी खालूनच भरून घ्या, यंत्रातल्या बाटल्या वर जाल तशा महागतात. कचरापेट्या फारशा नाहीत, एक पिशवी जवळ ठेवा. शाकाहारी मंडळींनी कित्सुने उदोन (रश्श्यातले जाड नूडल्स) मागवण्याआधी विचारावं: वर तळलेला टोफू असला तरी रस्सा सहसा सुक्या माशाचा असतो, आणि इनारी सुशीतला (टोफूच्या पिशवीत भरलेल्या भातातला) टोफूही बऱ्याचदा त्याच रश्श्यात शिजवतात.