पोपटांसाठी ‘सुरक्षित खाऊबाग’ विकणाऱ्यापासून सावध राहा

पुण्यात ज्यांच्या घरी कॉकाटील, बजी, लव्हबर्ड असे छोटे पाळीव पोपट आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. ‘पक्ष्यांसाठी सुरक्षित, शंभर टक्के सेंद्रिय खाऊबाग’ विकणारा एक माणूस सध्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. कुंड्या, ट्रे, माती, बियाणं, सगळं घरपोच देतो. माझे त्यात 10,750 रुपये गेले. डॉक्टर आणि औषधांचे 3,460 वेगळे. आणि आमची कॉकाटील, गुंडी, गेली.

हिशेब पूर्ण देते, म्हणजे तुमच्याकडून असेच टप्प्याटप्प्याने पैसे घेतले जात असतील तर ओळखता येईल. किटचे 4,850. ‘बाल्कनी पाहणी’चे 1,200, त्यात तो पाच मिनिटं उभा राहून ऊन कुठून येतं ते बघून गेला. ट्रेची अनामत 2,000, ‘ट्रे परत दिले की परत’. पुढच्या तीन महिन्यांच्या बियाण्याचे आगाऊ 2,700. पैसे यूपीआयने, आणि प्रत्येक वेळी समोर नाव वेगळंच. विचारलं की वहिनीचं खातं, मित्राचं खातं. बिल मागितलं तर म्हणे, “ताई, जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल.” पक्कं बिल देत नाही त्याला एक रुपया देऊ नका.

“एवढं शिकलेली बाई फसलीच कशी” हे सोसायटीत आणि नातेवाइकांत ऐकून झालंय. म्हणून सांगते कशी फसले. त्या माणसाला विषय येत होता. अ‍ॅव्होकाडो पोपटांना विषारी, चॉकलेट आणि चहा-कॉफी विषारी, कांदा-लसूण नको, टोमॅटोचं फळ चालेल पण पाला नको, घरात मनी प्लांट आणि डिफेनबाकिया असतील तर पिंजऱ्यापासून लांब ठेवा, हे सगळं त्याने न विचारता सांगितलं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. पालक रोज देऊ नका, त्यातलं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड कॅल्शियम अडवतं, हेही त्यानेच सांगितलं. आमचे पक्ष्यांचे डॉक्टर नेमकं हेच सांगतात. समोरचा माणूस डॉक्टरांसारखं बोलत असेल तर कुठल्या आधारावर संशय घ्यायचा होता मी? शिवाय पाकिटांवर सेंद्रियचा हिरवा शिक्का होता. तो शिक्का कुणीही छापून चिकटवू शकतं हे आता कळलं. आणि एक लक्षात ठेवा, रोपाला किंवा बियाण्याला ‘पक्ष्यांसाठी सुरक्षित’ असं सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही. कुणी तसा कागद दाखवला तर तिथेच दार लावा.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे.

धने, पालक आणि बाजरीचं बियाणं मी स्वयंपाकघरात स्टीलच्या वाडग्यात भिजत घातलं. त्याची सूचनाच होती, अर्धं ट्रेमध्ये पेरा आणि अर्धं मोड आणून सरळ खायला द्या. हात घातला तर बोटांना गुलाबी रंग लागला. पाणी सरबतासारखं गुलाबी झालं. भांड्याच्या साबणाने हात धुतले तरी नखांच्या कडेला रंग तसाच. माझं माहेर जुन्नरकडचं, शेतकऱ्याचं. असं गुलाबी बियाणं मी लहानपणापासून बघितलंय. पेरणीच्या दिवशी वडील आम्हाला त्या पिशवीला हात लावू द्यायचे नाहीत, आणि आजी कोंबड्या डालून ठेवायची. कोंबड्या डालून ठेवायची! हे सगळं डोक्यात आलं, म्हणूनच मी त्याला लगेच फोन लावला. तो न अडखळता म्हणाला, “ताई, ते बिटाच्या रसाचं कोटिंग आहे, मुंग्या लागू नयेत म्हणून. उलट पक्ष्यांना रंग आवडतो.” पाकिटावर सेंद्रिय लिहिलंय, माणूस शपथेवर सांगतोय, तोपर्यंतची त्याची प्रत्येक माहिती खरी निघालेली. मी बियाणं तीन पाण्यांनी धुतलं आणि मोड आणले. शंका आली, विचारलं, आणि विचारल्यावर खोटं उत्तर मिळालं. यात माझा निष्काळजीपणा कुणी दाखवूनच द्यावा.

बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून थायरमसारखं औषध चोळतात आणि ते ओळखू यावं म्हणून रंग घालतात. गुलाबी, लाल, हिरवा, निळा, कुठलाही असतो. रंग दिसला की ते बियाणं फक्त जमिनीत जायचं, पोटात नाही, आणि धुऊनही नाही. बिटाचा रस कुणीही लावत नाही.

पक्षी आजार लपवतात. अगदी टेकीला आल्यावर दिसतं. गुंडी सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली होती, खाल्लेलं उलटून टाकत होती. आमच्या दुसऱ्या पक्ष्याने, बंड्याने, मोड फारसे खाल्ले नव्हते, तो वाचला. डॉक्टरांनी सलाईन दिलं, ऊब दिली, जमेल ते सगळं केलं. ते म्हणाले की तपासणी झाल्याशिवाय नेमकं कारण लिहून देता येणार नाही. मला ते मान्य आहे. पण त्यांनी ते बियाणं हातात घेतल्या घेतल्या कागदावर ठेवलं आणि जाऊन हात धुतले.

पुरावा नंतर हाती आला. आगाऊ पैशांतलं दुसरं पाकीट कुरिअरने आलं तेव्हा त्याचा चिकटवलेला ‘सेंद्रिय’ कागद एका कोपऱ्यात उचकटला होता. मी तो वाफेवर धरून सोलला. खाली मूळ कंपनीची पिशवी, आणि तिच्यावर स्पष्ट छापलेलं: विषारी औषध लावलेले बियाणे, खाण्यासाठी, पशुखाद्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये. त्या कंपनीने आपलं काम चोख केलं होतं. अशी सूचना छापणं बियाणं विकणाऱ्यांना बंधनकारकच आहे. या माणसाने ती झाकली. जाणूनबुजून झाकली. विकत घेतलेल्या प्रत्येक पाकिटावरचं स्टिकर आधी सोलून बघा.

हे पाकीट घेऊन मी चौकीत गेले. “किती गेले? दहा हजार? ही सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा.” मी म्हटलं, विषाची सूचना झाकून खाऊ म्हणून विकणं ही सिव्हिल मॅटर कशी? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? त्यावर साहेबांनी विचारलं, “पोपट पाळायला बंदी आहे, माहितीय का?” म्हणजे गुन्हेगार मी! कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, बंदी आहे ती आपल्या रानातल्या राघूला पिंजऱ्यात ठेवायला, 1972 च्या वन्यजीव कायद्याने, आणि ती बंदी योग्यच आहे. एवढं उभ्याने समजावलं. अर्ज घेतला, पोच द्यायला कुरकुर केली. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

तिथून शेतीखात्याच्या एका कार्यालयात. बियाण्याची तक्रार म्हटल्यावर पहिला प्रश्न, “उगवलं का?” उगवलं. “मग तक्रार कसली?” मी पिशवी पुढे केली. स्टिकर दाखवलं. ते गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे शेतकऱ्याची तक्रार घेतात, सातबारा आहे का? बाल्कनीला सातबारा कुठून आणू? दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथले साहेब साइटवर. गुंडीची तपासणी कुठे होईल म्हणून आणखी एका सरकारी ठिकाणी गेले तर “आम्ही कोंबड्यांचं बघतो, शोभेच्या पक्ष्यांचं नाही.” उन्हाळ्याचे दिवस, बर्फाच्या डब्यात तिला घेऊन मी त्या व्हरांड्यात उभी होते, आणि एकाही माणसाला वाटलं नाही की खुर्ची द्यावी किंवा नीट पत्ता सांगावा. उद्या हेच बियाणं कुणी मोड आणायला लहान मुलाच्या घरी विकलं तर? हा प्रश्न मी प्रत्येक टेबलावर विचारला. उत्तर कुठेच मिळालं नाही. आपापलं टेबल मोकळं व्हावं, एवढीच प्रत्येकाला घाई.

ग्राहक आयोगात तक्रार केलीय. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तासाभरात फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

बागेला यातलं काहीच लागत नाही, हे सगळ्यात जास्त जिव्हारी लागतं. किराणा दुकानातले धने हाताने रगडून पेरले की कोथिंबीर येते. स्वयंपाकघरातली मेथी, गहू, बाजरी, राळे, हे खाण्यासाठीच विकलेलं धान्य आहे. निवडा, भिजवा, पेरा. मोडांचं पाणी सकाळ-संध्याकाळ बदला, वास आला तर फेकून द्या. जास्वंदीच्या पाकळ्या पक्षी आवडीने खातात. मिरचीही द्या, पक्ष्यांना तिखट लागत नाही. नर्सरीतून तयार रोप आणलं तर त्याचा पाला लगेच देऊ नका. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मुळांतून झाडात भिनतं, धुऊन जात नाही. त्या माणसाने दिलेली तुळस आणि बेसिल मी याच कारणासाठी कुंडीसकट टाकली.

कुणाकडे त्याची पाकिटं असतील तर फेकू नका. स्टिकर सोलतानाचा व्हिडिओ काढा, यूपीआयच्या पावत्या आणि त्याचे मेसेज जपून ठेवा, आणि आपापल्या चौकीत लेखी अर्ज द्या. माझा एकटीचा अर्ज त्यांनी फाइलमध्ये ठेवून दिलाय. दहा अर्ज आले तर त्यांना त्याला शोधावंच लागेल.