चित्रं आणि थोडं गेमिंग: फिरत्या पडद्याचा लॅपटॉप घ्यावा की साधा लॅपटॉप आणि पेन टॅब्लेट?

भाची यंदा उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला गेली. रोज डोंबिवली ते सीएसएमटी. "मावशी, ७५ हजारांत असा लॅपटॉप सांग, ज्यावर चित्रंही काढता येतील आणि व्हॅलोरंट हा गेमही चालेल." मी पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. आठवडाभर मी त्यावरच होते, कारण या दोन गरजा एकमेकींशी भांडतात. चित्रांना चांगला पडदा आणि चांगलं पेन लागतं, गेमला ग्राफिक्स कार्ड. एवढ्या पैशांत एकाच यंत्रात दोन्ही उत्तम मिळणं कठीण. कुठे तडजोड चालेल, एवढंच आपल्या हातात आहे.

समोर दोन वाटा. एक म्हणजे टू-इन-वन, ज्याचा पडदा मागे वळतो आणि त्यावरच पेनने काढता येतं. दुसरी म्हणजे साधा किंवा गेमिंग लॅपटॉप आणि सोबत पडदा नसलेला पेन टॅब्लेट, म्हणजे लॅपटॉपला जोडायची पाटी; तिच्यावर पेन फिरवलं की रेघ लॅपटॉपच्या पडद्यावर उमटते. आयपॅडचंही नाव निघतंच. चित्रांसाठी तो सुंदर आहे, पण कॉम्प्युटरवरचं व्हॅलोरंट त्यावर चालत नाही आणि कॉलेजच्या बाकीच्या कामाला लॅपटॉप लागतोच. घेतलाच, तर एक ध्यानात ठेवा: ॲपलच्या यूएसबी-सी पेन्सिलला दाब कळत नाही. रेघ जाड-बारीक करायची तर ती पेन्सिल उपयोगाची नाही.

आधी पेनाबद्दल, कारण फसगत इथेच होते. जाहिरातीत ४०९६ दाबपातळ्या मोठ्या अक्षरांत छापतात. त्या आकड्याने हाताला फारसा फरक पडत नाही. पेन किती हलक्या स्पर्शाला जागं होतं आणि सावकाश ओढलेली रेघ सरळ राहते का, हे महत्त्वाचं. पेन टॅब्लेटच्या पाटीखाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पेनातली गुंडाळी त्यातूनच ऊर्जा घेते, म्हणून वॅकॉम कंपनीच्या टॅब्लेटच्या पेनाला बॅटरीच लागत नाही. बहुतेक टू-इन-वनमध्ये मात्र पेनात बॅटरी असते आणि ते पडद्याच्या स्पर्शजाळीशी बोलतं. त्या जाळीच्या तारा एकमेकींपासून अंतरावर असतात, मधली जागा यंत्र अंदाजाने भरतं. म्हणून पटकन मारलेला फटकारा छान येतो, पण सावकाश तिरकी रेघ ओढली की ती नागमोडी होऊ लागते. स्केचिंगला हे खपून जातं. शाईच्या कामाला आणि अक्षरांकनाला नाही.

तरीही टू-इन-वनची एक गोष्ट दुसऱ्या कशात नाही. ससून डॉकवर किंवा काळा घोड्याच्या फुटपाथवर बसून समोरचं काढायचं, तर मांडीवर एकच पाटी हवी. तिथे लॅपटॉप, टॅब्लेट आणि वायर असा संसार मांडता येत नाही. हाताखालीच रेघ उमटत असल्याने कागदाची सवय असलेल्या मुलांना ते लगेच जमतं. पडदा नसलेल्या टॅब्लेटवर हात खाली आणि नजर समोर असते. ही सवय बसायला मला दोन आठवडे लागले होते. पहिल्या चार दिवसांत मुलं वैतागून तो कपाटात टाकतात, तेवढं करू नका.

गेमिंग लॅपटॉपचं सांगते. आरटीएक्स ३०५० सारखं कार्ड असलं, तर व्हॅलोरंटच काय, त्याहून जड गेमही चालतात. पण वजन सव्वादोन-अडीच किलो, त्यात चार्जरची वीट वेगळी. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये सॅक पुढे घेऊन उभं राहायचं असतं. दीड किलोचं टू-इन-वन आणि तीन किलोचा तो ऐवज यांतला फरक खांद्याला महिनाभरात कळतो. बॅटरीही लवकर उतरते आणि वर्गात प्रत्येक बाकाजवळ प्लग नसतो. शिवाय स्वस्त गेमिंग लॅपटॉपचा पडदा बरेचदा '४५% एनटीएससी' असतो, म्हणजे तो कमी रंग दाखवू शकतो. त्यावर लाल रंग विटकरी दिसतो, मग आपण तो वाढवतो आणि छापून आल्यावर तो अंगावर येतो. चित्रासाठी '१००% एसआरजीबी' लिहिलेलाच पडदा बघा. माझ्या मते ही अट कार्डापेक्षा मोठी आहे.

भाचीचं गेमिंग म्हणजे व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट. एवढ्यासाठी वेगळं कार्ड लागतच नाही. आताच्या रायझन किंवा इंटेल प्रोसेसरमधले ग्राफिक्स सेटिंग खाली ठेवून ते चालवतात. अट एकच, रॅम दोन चॅनेलवर असावी. एकच पट्टी असेल तर असे ग्राफिक्स लंगडतात. चित्रांनाही रॅम लागते. ३०० डीपीआयचं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचं, ए-४ पान म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. त्याचा एक पूर्ण भरलेला लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, साधारण ३५ एमबी घेतो, तीस लेयर झाले की १ जीबी. वर विंडोज आणि ब्राउझर आहेतच. म्हणून १६ जीबीच्या खाली जाऊ नका. बऱ्याच टू-इन-वनमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

एक अनुभव सांगते. माझ्या पहिल्या टू-इन-वनची बिजागरी तिसऱ्या वर्षी सैल झाली. हात टेकला की पडदा झुलायचा. दुरुस्तीला दिला तेव्हा लिहिणं आणि काढणं दोन्ही एकदम बंद, आणि हातात एका मासिकाचं काम. टॅब्लेट वेगळा असता, तर घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून भागलं असतं.

म्हणून भाचीला मी सांगितलं: चौदा इंची साधा लॅपटॉप, १६ जीबी, १००% एसआरजीबी, आणि जोडीला 'वन बाय वॅकॉम' हा पडदा नसलेला पेन टॅब्लेट. सॉफ्टवेअर क्रिटा, ते मोफत आहे. टॅब्लेटच्या मापावर मात्र आमची बरीच चर्चा झाली. लहानाची काढायची जागा १५२ × ९५ मिलिमीटर, म्हणजे चौदा इंची पडद्यावर हाताची हालचाल जवळपास दुप्पट होते. मध्यम २१६ × १३५ चा, तिथे ती दीडपटीच्या आत राहते, पण सॅकमध्ये तो जागा खातो. बारीक काम मनगटातून करणाऱ्याला लहान पुरतो. भाची खांद्यापासून हात फिरवून काढते, तिला मध्यम. दोन्ही १६:१० प्रमाणाचे आहेत. लॅपटॉपचा पडदा १६:९ असेल, तर सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडा, नाहीतर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर लंबगोल उमटतं.

तुम्ही मुख्यतः बाहेर बसून काढणार असाल, वर्गात नोट्सही हाताने लिहिणार असाल, तर मात्र टू-इन-वनच घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही मोठ्या दुकानात जाताना सोबत पट्टी न्या. त्याच मॉडेलचं पेन मागून घ्या, विंडोजमधलं पेंट उघडा, पट्टी पडद्यावर हलकेच तिरकी धरा आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत अगदी सावकाश रेघ ओढा. मग हलक्या हाताने, मग दाबून. दुकानदार घाई करेल, करू द्या. पट्टी लावूनही रेघ लाटेसारखी आली, तर दुसरं मॉडेल मागा.